टोरीच्या तेलाची वेणी

वैनगंगेच्या वाळूवर पडलेली ती वेणी... टोकाची लाल रिबीन तशीच, आणि ऊन चढेल तसा तिच्यातून उठणारा टोरीच्या तेलाचा, मोहाच्या बियांचा तो उग्र-गोड वास — मार्कंड्याची जत्रा म्हटली की मला ना देवळाची शिखरं आठवत, ना फुललेले पळस. आधी हा वास येतो.

मी सात वर्षांचा होतो. पावसाळ्यात तापानं फणफणलो तेव्हा आईनं नवस बोलला होता : पोरगा उठला तर महाशिवरात्रीला त्याचे केस वाहीन. यमाच्या हातून सुटलेल्या मुलाचं ते क्षेत्र. तिला दुसरं दैवत सुचणार तरी कुठलं? पण न्हाव्यानं वस्तरा काढताच मी वाळूत लोळण घेतली, त्याच्या मनगटाला चावलो. बाबा वैतागून पुजाऱ्याला विचारून आले.

"देवाले केस पायजे म्हंते. पोरीचे चालते."

म्हणजे ताईचे. अकरा वर्षांची, कमरेखाली वेणी रुळणारी ताई तेव्हा देवळाच्या भिंतीवरची शिल्पं न्याहाळत होती. आईनं मान खाली घातली. "जाय, तिले बोलावून आन," बाबा मला म्हणाले.

आणि मी गेलो. सगळं कळत असूनही गेलो. "ताई, चाल, आईनं रेवड्या आनल्या." ती माझा हात धरून धावत आली.

वस्तरा फिरत असताना ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी हसलो. परतीच्या वाटेवर चामोर्शीपर्यंत तिला टकली, टकली म्हणून चिडवत गेलो आणि सगळे हसले... आईसुद्धा. मोठेपणी ताईनं केस मानेखाली कधी उतरू दिले नाहीत. मी कारण विचारलं नाही, भित्रा होतो.

यंदा आम्ही पुन्हा गेलो — ताई, मी आणि दोन वेण्या घातलेली माझी लेक. त्याच वाळूवर ताई म्हणाली, "त्या रेवड्या राह्यल्याच न रे तुह्या."

मी जाऊन पावशेर रेवड्या आणल्या. तिनं एकही तोंडात टाकली नाही. पुडा लेकीच्या हातात दिला, तिच्या वेण्या नीट केल्या आणि शांतपणे सांगितलं,

"तुह्या बापानं कुठी बोलावलं, तं आधी इचारजो — काऊन म्हून."

लेकीला गंमत वाटली. ती रेवडी चघळत हो म्हणाली.