सहा नंबरचा नाथाजी

कुतुबुद्दीन नदाफ मिरजेचा. बाप गाद्या भरायचा, आजाही गाद्याच भरायचा, आणि हा पठ्ठ्या कापूस पिंजायचं सोडून रेल्वेच्या पटांगणावर चेंडूमागं पळायचा. गोल मारणाऱ्यांतला तो नव्हता. तो मधे खेळायचा, हाफ. मागून आलेला चेंडू अंगावर घ्यायचा, मान वर करून एकदा बघायचा आणि पुढं जो मोकळा दिसेल त्याच्या पायात अलगद नेऊन द्यायचा. गोल झाला की लोक मैदानात घुसून गोल मारणाऱ्याला खांद्यावर घ्यायचे. कुतुबुद्दीन तोवर आपल्या जागेवर परत गेलेला असायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे. त्याला हवं होतं ते निराळंच. त्याला कुठंतरी कायम व्हायचं होतं.

कायम म्हणजे नोकरीत. त्या काळी आपल्याकडं फुटबॉलवर पोट भरायला एवढा एकच रस्ता होता. ज्या गिरणीला किंवा कारखान्याला संघाची हौस, त्यानं खेळाडूला कुठल्यातरी कामावर चिकटवायचं. एकाहत्तर साली कुतुबुद्दीन सांगलीच्या एका गिरणीत चिकटला. दोन वर्षं तिच्यासाठी पळाला. मग नवा मॅनेजर आला, त्याला क्रिकेटचं वेड. संघ मोडला आणि हा घरी. पुढं साताऱ्याच्या एका क्लबानं बोलावलं. तिथं दिवसभर सेक्रेटरीच्या वखारीत लाकडं रचायची आणि संध्याकाळी खेळायचं. वर्षभरात क्लबात दोन तट पडले, आणि दोन्ही तटांनी याला दुसऱ्याचा माणूस ठरवलं. जिथं गेला तिथं कुणी ना कुणी त्याच्या कोपराला गूळ लावला आणि दरवेळी यानं जीभ बाहेर काढली. सांगताना राग येतो, पण खरं तेच आहे.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात इस्लामपूरच्या एस.टी. स्टँडवर लालासाहेब भेटले. बोरखडीच्या साखर कारखान्यात ते लेबर ऑफिसर, आणि कारखान्याच्या फुटबॉल संघाचे मायबापही तेच. दरसाल पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की साखर कारखान्यांचे सामने साताऱ्यात व्हायचे. जिंकणाऱ्याला चांदीची ढाल. नियम मात्र कडक होता. संघात फक्त कायम कामगार.

"आमच्याकडं नाथाजी जगदाळे म्हणून गडी हाय, बॉयलरवर. कायम हाय," लालासाहेब चहा बशीत ओतत म्हणाले. "यादीत त्याचं नाव घालतो. खेळ तू. फोटोबिटो कोन बघत न्हाई."

"आन् माझं काय, साहेब?"

"तुला हंगामी घेतो, वजनकाट्यावर. एक-दोन साल दम धर. ढाल आली की तुला कायम केलाच म्हून समज. शब्द हाय माझा."

कुतुबुद्दीन नाथाजी झाला. यात फार मोठं पाप आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. निम्मे संघ असेच भरलेले असायचे. मिरजेच्या त्याच्याच गल्लीतला रहिमान दुसऱ्या एका कारखान्याच्या गोलमध्ये केरबा म्हणून उभा राहायचा. मिरजेच्या खेळाडूंत एक रीत पडून गेली होती. मैदानात पाय टाकला की यादीतल्याच नावानं हाक मारायची, मग समोर सख्खा भाऊ का असेना. सामन्याआधी दोघे हात मिळवायचे. "काय केरबा, बरं हाय न्हवं?" "बरं हाय की, नाथाजीराव." आणि दोघेही गालातल्या गालात हसायचे.

खरा नाथाजी पाण्याची बादली घेऊन रेषेवर बसायचा. माणूस पापभीरू. आपल्या नावानं लोक शिट्ट्या मारताहेत हे ऐकून तो कानकोंडा व्हायचा. पहिल्याच वर्षी, पंच्याहत्तरला, ढाल आली. फोटो काढायची वेळ झाली तेव्हा लालासाहेबांनी कुतुबुद्दीनला सहा नंबरची जर्सी उतरवायला लावली आणि ती नाथाजीच्या अंगात घातली. फोटो कारखान्याच्या कचेरीत कायमचा लागणार होता, तिथं चेहरा नावाचाच हवा. कुतुबुद्दीन उघड्या अंगानं नाथाजीची चप्पल आणि टोपी धरून फोटोवाल्याच्या मागं उभा राहिला. घामानं ओली जर्सी घातलेला नाथाजी पुन्हापुन्हा त्याच्याकडंच बघत होता, म्हणून फोटोवाल्यानं त्याला दोनदा दटावलं.

अशी ढाल तीन वर्षं आली आणि अशीच तीन प्रशस्तिपत्रं, सगळी नाथाजीच्या नावाची. कुतुबुद्दीन मात्र हंगामीचा हंगामीच राहिला. हंगाम संपला की मिरजेला येऊन बापाबरोबर गाद्या भरायच्या आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा काट्यावर हजर. बायको सुरय्या विचारायची, यंदा तरी? तो म्हणायचा, यंदा नक्की. दरवर्षी लालासाहेबांकडं नवं कारण असायचं. एकदा निवडणूक होती, एकदा उसाची टंचाई, एकदा वरून भरती बंद. आणि कारण ऐकून हा मान डोलवायचा. चेंडू कुठून येणार हे दोन पावलं आधी ओळखणारा माणूस, पण समोरच्या माणसाच्या बोलण्यातलं काही त्याला ओळखता यायचं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात साताऱ्याला शेवटचा सामना लागला, तो नेमका रहिमानच्या संघाशी. मध्यंतरानंतर चेंडू घेऊन वळताना कुतुबुद्दीनचा पाय जमिनीत रुतला आणि वरून एक गडी अंगावर कोसळला. गुडघ्यातून काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो जमिनीवर लोळायला लागला. समोरच्या गोलमधून रहिमान जीव खाऊन धावत आला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडला, "कुत्बू! आरं कुत्बू, काय झालं रं तुला?"

चार वर्षांची रीत त्या मायेच्या भरात मोडली. बाजूला रहिमानच्या कारखान्याचा मॅनेजर उभा होता. त्यानं ते नाव ऐकलं. सामना आणि चौथी ढाल बोरखडीनं जिंकली, पण संध्याकाळच्या आत त्यानं तक्रार ठोकली.

कुतुबुद्दीनला मिरजेला हलवलं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलं. डॉक्टरांनी बजावलं, दोन महिने पाय हलवायचा नाही, गुडघा नाजूक जागी मोडलाय. तिसऱ्या आठवड्यात लालासाहेब घरी आले, बरोबर कारखान्याची जीप. चौकशी परवावर आली होती.

"नाथाजीच्या पायाला आमी प्लॅस्टर घालून घेतलंय," ते म्हणाले. "साताऱ्यात पडला तो नाथाजी, आसं दिसाय पायजे. पर तूबी प्लॅस्टर घालून आलास तर समदं फुटंल. त्यांनी तुलाबी बोलावलंय. तुला चालत यावं लागतंय, गड्या."

सुरय्या दारातून म्हणाली, "आवं साहेब, डॉक्टर न्हाई म्हणाल्यात."

"डॉक्टर नोकरी देनार हाय व्हय? ढाल गेली तर नाथाजीबी कामावरनं जाईल. त्याला तीन पोरी हायत. आन् ढाल ऱ्हायली तर यंदा बॉयलर पेटायच्या आत तुझा नवरा कायम."

त्यांनी खिशातून एक टाइप केलेला कागद काढला. कुतुबुद्दीन नदाफ हा हंगामी कामगार असून फुटबॉल खेळत नाही, कधीही खेळलेला नाही, असा मजकूर.

"त्यांचं लिहून घेताय, मग तुमीबी लिहून द्या की," सुरय्या म्हणाली.

लालासाहेब हसले. कुतुबुद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मोठा माणूस आपल्या दारात आलेला, आणि त्याच्याकडं कागद मागायचा? त्यानं बायकोला गप्प केलं आणि सही करून दिली. सगळ्या गावात शहाणपणाचं एकच वाक्य बोललं गेलं होतं, आणि ते यानं स्वतःच्या तोंडानं बंद केलं. मग जीपच्या ड्रायव्हरनं ऊसतोडीच्या कोयत्यानं ते प्लॅस्टर कापलं.

साताऱ्याच्या कचेरीत अठरा पायऱ्या होत्या. कुतुबुद्दीन त्या चढून गेला. वर टेबलामागं तिघे बसले होते. बाकावर नाथाजी धडधाकट पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसला होता आणि खाली बघून रडकुंडीला आला होता. तिघांतल्या एकानं सांगितलं, जरा चालून दाखवा. कुतुबुद्दीन भिंतीपासून खिडकीपर्यंत चालला, वळला, परत आला. गुडघ्यात कुणी तापलेली सळई फिरवत होतं, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्याच्या उभ्या जन्मातला सगळ्यांत अवघड खेळ तो त्या खोलीत खेळला. रहिमानला विचारलं तर तो म्हणाला, मी गर्दीतल्या मित्राला हाक मारत होतो. बोलताना त्यानं कुतुबुद्दीनकडं बघितलं नाही. तक्रार निकालात निघाली. ढाल राहिली.

पाय मात्र राहिला नाही. परत प्लॅस्टर घातलं, पण हाड वाकडं बसलं ते बसलंच. डॉक्टरांनी आधी शिव्या दिल्या आणि मग पाय कायमचा अधू झाल्याचा कागद लिहिला.

ऑक्टोबरात बॉयलर पेटवण्याच्या पूजेला कुतुबुद्दीन धुतलेला सदरा घालून, काठी टेकत बोरखडीला गेला. फळ्यावर नोटीस होती. चार वर्षांच्या यशाबद्दल संचालक मंडळानं फुटबॉल खेळाडूंसाठी दोन कायम जागा काढल्या होत्या. तो तसाच लालासाहेबांच्या खोलीत गेला. तिथं कोल्हापूरचे दोन तरणेबांड गडी फॉर्म भरत बसले होते.

"साहेब, ती जागा..."

लालासाहेबांनी फाइल उघडली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. नियम समजावून सांगावा तसं ते सांगत होते.

"खेळाडू म्हून तुला घ्यावा, तर हे बघ. कवाच खेळलो न्हाई म्हून तूच लिहून दिलंयस. उद्या कुनी ही फाइल काढली तर? आन् साधा कामगार म्हून घ्यावा, तर मेडिकलमधी तुझा पाय पास हुनार न्हाई. मी काय करू सांग बरं?"

कुतुबुद्दीननं कागद हातात घेतला. सही त्याचीच होती, चांगली ठसठशीत. त्याला खूप बोलायचं होतं. लालासाहेबांची गचांडी धरावी, टेबल उलथवावं, नाथाजीला बॉयलरवरून ओढत आणावं, असं सगळं एकदम मनात आलं. पण नाथाजीच्या तीन पोरीही मनात आल्या. त्यानं कागद परत ठेवला. फॉर्म भरणाऱ्या एका गड्यानं उठून त्याला खुर्ची दिली, म्हाताऱ्याला द्यावी तशी. कुतुबुद्दीन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

संध्याकाळच्या एस.टी.नं तो मिरजेला उतरला. सुरय्या दारातच उभी होती. तिनं काही विचारायच्या आधीच त्यानं काठी भिंतीला लावली, कापसाच्या ढिगाशेजारी बसकण मारली आणि म्हणाला, "त्यास्नी खेळनारा मानूस पायजे हुता."