मी आवळायला लावलेले चार बोल्ट

दोह्यातल्या एका उंच इमारतीच्या माथ्यावर, बंद खोलीत, पोलादी दोरांवर एक प्रचंड वजन टांगलेलं आहे. आम्ही त्याला लोलक म्हणायचो. समुद्रापलीकडे इराणात मोठा भूकंप झाला की इथल्या उंच इमारती डोलतात. इमारत एकीकडे गेली की लोलक मागे रेंगाळतो आणि तिला आवरतो. त्यासाठी तो मोकळा हवा.

बसवणाऱ्या कंपनीत मी सुपरवायझर होतो. फिटर लातूरकडचा. लहानपणी भूकंपात त्याचं घर पडलं, धाकटी बहीण गेली. काम संपलं की तो लोलकाला थोपटायचा.

"म्हैस आहे का रे ती?" मी चिडवायचो.

"म्हशीपरीस गुणाची हाय, साहेब."

इमारत ताब्यात द्यायच्या दिवशी वारा होता. लोलक करकरत होता आणि पाहुणे यायचे होते. वाहतुकीत त्याला जखडून ठेवणारे चार बोल्ट होते. ते आजच्यापुरते आवळ, असं मी फिटरला सांगितलं. पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, "साहेब, बोल्ट काढायचे राह्यलेत."

"खोलीची किल्ली मालकांकडे गेली, खलास. आत जायचा पास काढून मी बघतो."

पास मी काढलाच नाही. 'लोलक मोकळा' अशा अहवालावर सही करून बसलो होतो, पासावर कारण लिहिलं असतं तर तो खोटा ठरला असता.

काही महिन्यांनी एका दुपारी इराणात भूकंप झाला आणि ती इमारत डोलली. आम्ही शेजारच्याच कामावर होतो. माणसं जिने उतरून रस्त्यावर आली. एक बाई पोराला छातीशी धरून, एकाच पायात चप्पल, जो भेटेल त्याला विचारत होती, "गिरेगी क्या?" इमारत पडली नाही, कुणाला लागलंही नाही. पण फिटर दोन्ही तळहात जमिनीला टेकून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता.

चौकशीत विचारलं, बोल्ट कुणी आवळले? तो म्हणाला, "मी." मग थांबला. पुढचं वाक्य माझं होतं. मी ते बोललो नाही. आठवड्याभरात त्याला गावी धाडलं.

आता मी दोह्यातच, अल अझीझिया भागात मुलाकडे असतो. बसल्या जागी जमीन सरकते. "बाबा, काही हललं नाही," सून म्हणते. नात म्हणते, "आजोबा, इट्स जस्ट द एसी." मी तरी भिंतीला हात लावून बघतो.

गेल्या महिन्यात त्याला फोन केला. चूक माझी होती, म्हणालो.

"मला काय सांगताय? मला ठावंच हाय," तो म्हणाला. "आमच्या गावचा ड्रायवर तिथं कामगारांच्या कॅम्पात होता, त्यानं हितं सगळ्यास्नी सांगितलं, बोल्ट मी आवळले म्हनून. आई म्हनती, बहीण गेली तरी तू असलं केलंस. बोलत न्हाई माझ्यासंगं. तिला सांगा. मराठीत लिहा, मी वाचून दावतो."

तर आई, बोल्ट तुमच्या मुलानं माझ्या हुकमावरून आवळले. काढायचे आहेत हे त्यानं त्याच दिवशी मला सांगितलं होतं. मी ते काढू दिले नाहीत, आणि चौकशीत गप्प बसलो.

ऐकून आई काय म्हणाल्या ते कळव, असं मी त्याला सांगितलं आहे. तो हो म्हणालेला नाही.