पेपर वाचता येईल एवढा उजेड

बल्बकाका उजेड मोजायला पेपर वापरायचे. माशांच्या टँकच्या मागच्या काचेला पेपरचं पान चिकटवायचं आणि पुढे बसून पाण्यातून बातमी वाचायची. तळाजवळची बारीक अक्षरं लागली, की पाण्यातल्या झाडांना उजेड पुरेसा. कारखान्यात वायरमन म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाचं हे मीटर.

सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहायचे. कॉलेजात असताना मी छोटा टँक घेतला आणि झाडांच्या लाइटची किंमत ऐकून दुकानातून गप्प परत आले. आई मला त्यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी साधे पांढरे एलईडी बल्ब घेतले, तेलाचा पत्र्याचा डबा उभा कापून त्यात बसवले, झालं. "झाडाला काय कंपनीचं नाव वाचता येतं? पांढरा उजेड पायजे, बस."

मी फार बोलत नसे. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी कुठे अडखळेल, याची धास्ती असायची. "झालं का मॅडमचं भाषण?" ते विचारायचे. मी हसायचे. त्यांना तेवढं पुरायचं.

जास्तीचा उजेड मात्र त्यांना खपत नसे. कुणाच्या टँकला शेवाळ आलं, की आधी एक बल्ब काढायला लावत. "आठ तास लाइट, मग बंद. लय लाड केले की शेवाळच येतं."

म्हणून त्यांच्या स्वतःच्या टँकवर तिसरा बल्ब दिसला, तेव्हा मी चमकले. "लग्नाचा मांडव घालताय का?" काकू म्हणाल्या. काका काचेला नाक लावून बसले होते. "खालचं काय वाचताच येईना. धरणाचं पाणी गढूळ आलंय." मला त्यांच्या मागे उभं राहून सगळं वाचता येत होतं. तळाशी फ्लॅटची जाहिरात होती, फोन नंबरासकट. हे कसं सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत राहिले आणि घरी आले.

पुढे चौथा बल्ब लागला, पाचवा लागला. पानांवर शेवाळाची हिरवी लोकर चढली. एका रविवारी ते कात्रीने शेवाळ काढायला बसले आणि चांगली, कोवळी पानं कापत गेले. त्या दिवशी मी काकूंना सांगितलं.

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही. सहा-आठ महिने आधी आला असतात तर उरलेली राखता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी हे आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं, तेव्हा मी चहा गाळत होते. तिसऱ्या बल्बालाच मला कळलं होतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वर्षभरात उरलंसुरलंही गेलं. मग एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "बाळा, खरं सांग. झाड राहिलंय का एखादं?"

मी नीट पाहिलं. "नाही, काका."

"मग कशाला जाळायचा लाइट? माशांना त्याच्याशिवाय चालतं. कर बंद."

मी एकेक करत पाचही बटणं बंद केली. खोलीत अंधार झाला. काका टँककडे तोंड करून बसले होते.

"केला का?" त्यांनी विचारलं.