चुलीपुढचा आरसा

आमच्या नव्या स्वयंपाकघरात फडताळ एकच आहे, आणि तेही बिनदाराचं. भांडी त्यात कशीबशी मावतात, पण वर्षभरात त्या खोलीत जमलेले किस्से कुठंच मावत नाहीत. डब्यातून एक चकली काढावी आणि तिच्यात अडकून आणखी चार बाहेर याव्यात, तसं त्यांचं आहे. वर्गातल्या मुली सांग सांग म्हणतात, पण चारचौघींत माझा आवाज फुटत नाही. म्हणून लिहिते आहे. लिहिताना कुणी तोंडाकडं बघत नाही.

घरात आम्ही चौघं. तात्या म्हणजे माझे आजोबा. आबा म्हणजे वडील. लढाई संपल्यावर हवालदाराची पेन्शन घेऊन ते आष्ट्याला परत आले. मग आई, आणि मी.

*

सुरुवात झाली आईच्या गुडघ्यापासून. विहिरीच्या पायऱ्यांवरून ती घसरली आणि तिचा उजवा गुडघा वाकेनासा झाला. गुडघा वाकत नाही म्हणजे चुलीपुढं बसता येत नाही. आई बसत नाही म्हणजे मी बसायचं. मी इंग्रजी चौथीत होते. दप्तर फडताळावर गेलं आणि काठवट पुढ्यात आली.

माझी पहिली भाकरी तात्यांच्या ताटात पडली. त्यांनी ती उजेडाकडं धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, आणि शांतपणे विचारलं, "पोरी, ही खायाची कुठल्या बाजूनं?"

आबा हसले नाहीत. लढाईत इटलीला असताना त्यांनी बायकांना उभ्यानं स्वयंपाक करताना पाहिलं होतं. आईचा गुडघा वाकत नव्हता, पण उभं राहायला पाय खणखणीत होता. आपण ओटा बांधू आणि त्यावर चूल मांडू, असं ते म्हणाले.

तात्यांना हे पटेना. उभ्यानं रांधलेलं अन्न अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. "गुऱ्हाळावर म्या धा-धा मानसांच्या भाकरी थापल्यात," ते म्हणाले, "पर बसून!"

दोन दिवस हेच चाललं. मग तात्यांनी होकार दिला, पण अट घालून. ती अट मला तोंडपाठ आहे. "सूनबाई उभी ऱ्हाऊन घराला पोटभर वाढती, तवर पोरगी शाळंत जाईल. ज्या दिशी चूल थंड पडंल, त्या दिशी दप्तर फडताळावर."

बाकीच्यांच्या दृष्टीनं आमच्या घरी ओटा बांधला जात होता. माझ्या दृष्टीनं शाळा.

*

आबांनी प्लॅन काढला तो मिलिटरी पद्धतीनं. जमिनीवर कोळशानं रेघा मारल्या. इथं भिंत, इथं दार, लाकडं इकडून येणार, राख तिकडून जाणार. आई दाराआडून बघत होती. तिनं विचारलं, पाण्याची घागर कुठं? आबांनी पुष्कळ विचार केला आणि पुसून सगळं पुन्हा काढलं.

तेवढ्यात तात्या गोठ्यातून आले आणि रेघा ओलांडून सरळ मधोमध उभे राहिले.

आबा म्हणाले, "तात्या, तुमी आत्ता भिंतीतनं आलासा."

तात्यांनी खाली पाहिलं. ते मागं फिरले, बाहेर गेले, आणि कोळशाच्या दारातून आत आले.

*

खर्चाचं म्हणाल तर आबांनी बजावलं होतं की घरात आहे त्यातूनच भागवायचं. सिमेंटला परमिट लागे, परमिटला ओळख लागे, आणि आमच्याकडं दोन्ही नव्हतं. म्हणून चुना. विटा गोठ्याच्या पडक्या भिंतीच्या. ओट्यावर घालायला फरशी मात्र घरात एकच होती, न्हाणीतली. चाँदभाई गवंड्यांनी ती उपटली आणि घासून घासून आरशासारखी केली. न्हाणीत आम्ही दोन ओळी विटा मांडल्या आणि त्यांच्यावर उभं राहून अंघोळ करू लागलो. तात्या म्हणाले, "सून उभी, आता आमीबी उभं!"

*

ओट्याची उंची ठरवायची होती. चाँदभाई तसे घरचेच, पण त्यांच्यापुढं उभं राहून माप देणं आईला नको वाटे. तिनं एक ऊस घेतला, कमरेशी धरला, पाहिजे तिथं विळ्यानं कापला आणि माझ्या हाती बाहेर पाठवला. मी तो चाँदभाईंच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवला.

ओटा झाला. आईनं पदर खोचला आणि त्याच्यापुढं उभी राहिली. उभी कसली, भांगलायला वाकावं तशी वाकली. ओटा चांगलाच बुटका होता.

चाँदभाई कानाला हात लावून सांगू लागले की माप बरोबर घेतलंय, हवं तर ऊस बघा. ऊस आणला. त्याचं वरचं टोक विळ्यानं कापलेलं नव्हतंच. तिथं दातांच्या खुणा होत्या.

मग एकेकाला आठवलं. दोन दिवस आबा विटांच्या ढिगावर बसून चाँदभाईंना इटली सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांच्या हातात चाकू होता. सगळ्यांनी आबांकडं पाहिलं.

"मला वाटलं, खायालाच ठेवलाय," आबा म्हणाले.

फरशी पुन्हा उचलावी लागली आणि खाली विटांचा आणखी एक थर द्यावा लागला. गोठ्याच्या विटा संपल्या होत्या. न्हाणीतल्या दोन्ही ओळी गेल्या.

*

आईनं ओट्यावर स्वतःच्या हातानं चूल घातली, लिंपली, आणि एका सकाळी ती पेटली. मी त्याच दिवशी शाळेत गेले. बाई म्हणाल्या, आलीस का गं शांता? मी मान हलवली.

आठवडाभर सगळं छान चाललं. मग शेजारच्या हौसाकाकू आल्या आणि आईला हळूच विचारू लागल्या की तुमच्या तात्यांचा काही उपास वगैरे आहे का? रोज जेवणवेळेनंतर ते काकूंच्या कट्ट्यावर येऊन बसतात, आणि वाळत घातलेल्या शेंगा खातात. चांगल्या ओंजळभर.

आई मटकन बसणारच होती, पण गुडघ्यामुळं उभी राहिली.

झालं होतं असं. आमच्या घरात जेवताना कुणी मागत नाही. मागायची वेळच येत नसे. आई चुलीपुढं बसलेली, ताटं तिच्या समोर; भाकरी संपायच्या आत दुसरी पडायची. आता ओटा भिंतीला लागून, आईचं तोंड भिंतीकडं, आणि ताटं तिच्या पाठीमागं. तात्या एका भाकरीवर वाट बघायचे, पाणी प्यायचे आणि उठायचे. आबा लष्करात राहिलेले, ते हाक मारून घ्यायचे. पण तात्यांनी आयुष्यात कधी सुनेकडं भाकरी मागितलेली नव्हती. आणि आईला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा आहार कमी झाला.

घराला पोटभर वाढायचं, ही तर अटच होती. मोडली की नाही ते तात्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जेवणाच्या वेळी मी पाटासमोर बसून ताटावर नजर ठेवायची, असं ठरलं. तात्यांची जेवणाची वेळ आणि शाळेची घंटा एकच. मी ताटाकडं बघत बसे आणि लांबून घंटा ऐकू येई.

*

तोड आबांनी काढली. मिलिटरीच्या ट्रकवर ड्रायव्हरला मागचं दिसायला आरसा असतो, ते त्यांना आठवलं. त्यांनी आपला दाढीचा आरसा ओट्याच्या वर खिळ्याला टांगला आणि मागं सुतळीची गुंडी घालून पुढं झुकवला. नेमका एवढाच, की पाटापुढची ताटं आणि हात दिसावेत, तोंडं दिसू नयेत. सासऱ्याच्या तोंडाकडं बघणं आईला जमलं नसतं.

त्या दिवशी तात्यांची भाकरी संपायच्या आत दुसरी आली. मग तिसरी. तात्यांनी आईच्या पाठीकडं पाहिलं, वर छपराकडं पाहिलं, आणि जेवत राहिले. आरसा आहे हे त्यांना दोन दिवसांनी कळलं. कळल्यावर त्यांनी पाट सरकवून बरोबर आरशासमोर घेतला.

मी शाळेत गेले. आरशात एकच ताट येत नाही, आईचं. ती सगळ्यांच्या मागून कोपऱ्यात पाय लांब करून, भिंतीला टेकून जेवते.

आबांना दाढी आता बादलीतल्या पाण्यात बघून करावी लागते. त्यांच्या मिशीचं एक टोक सातारला आणि दुसरं सांगलीला निघालेलं असतं.

*

चुलीपुढं आरसा टांगलाय, ही बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. हौसाकाकू मुद्दाम बघायला आल्या. म्हणाल्या, "भाकरी थापताना कुंकू बघायचं वय ऱ्हायलं का आता, वैनी?"

आई जेवूनच जा म्हणाली, त्यांना तात्यांच्या पाटावर बसवलं आणि पाठ फिरवून भाकरी थापायला लागली.

काकू जेवता जेवता बोलत होत्या. आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "हौसाबाई, चटणी संपली की. शांता, वाढ त्यांना."

काकूंनी आपल्या ताटाकडं पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी वांग्याची एक फोड हळूच ताटाच्या कडेला सारली.

"वांगं खारट झालं व्हय?" आईनं विचारलं, तशीच, मागं न वळता.

काकूंनी ती फोड खाल्ली. पुढच्या महिन्यात त्यांनी चाँदभाईंना बोलावणं पाठवलं.

*

आता शेवटचा किस्सा.

वार्षिक परीक्षेचा पहिला दिवस होता. आबा पेन्शनीच्या कामाला सातारला गेले होते. हौसाकाकू माधवनगरला लेकीकडं. आणि पहाटेपासून आईला सणकून ताप. ती स्वयंपाकघरातल्या तिच्या कोपऱ्यात घोंगडी पांघरून पडली होती. उठायला बघायची आणि पुन्हा भिंतीला टेकायची.

चूल थंड होती. अट मला पाठ होती, कुणी सांगायची गरज नव्हती. मी दप्तर उचललं, फडताळावर ठेवलं, आणि पिठाचा डबा काढला.

तात्या गोठ्यातून आले. त्यांनी आईकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, मग फडताळाकडं. हात वर करून दप्तर काढलं, त्यावरचं पीठ धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"परीक्षा हाय न्हवं?"

मी म्हटलं, "पण तात्या, चूल..."

"घंटा झाली. जा."

पेपर मी कसा लिहिला मला आठवत नाही. सुटल्यावर धावत घरी आले. आई जागी होती, ताप उतरला होता. चुलीत निखारे होते. टोपलीत एक भाकरी शिल्लक होती, गुऱ्हाळावरच्यासारखी जाडजूड. मी विचारलं, ही कुणी केली? आई म्हणाली, "दोन खाल्ल्या मी. मागितल्या न्हाईत." आणि तोंडावर पदर घेऊन भिंतीकडं वळली.

तात्या बाहेर बैलांना वैरण टाकत होते. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

मी ओट्यापाशी गेले. आरसा नेहमीसारखा पाटाकडं झुकलेला नव्हता. तो तिरका, कोपऱ्याकडं वळवलेला होता, आणि त्याच्या कडेला पिठाची तीन बोटं उमटली होती.