कोऱ्या जागेवरची रेघ

“पहिले वाची दखाडा, भाऊसाहेब.”

कुठल्याही कागदावर सही करण्याआधी अक्का एवढंच म्हणायच्या. मी वाचून दाखवायचो. मग त्या रजिस्टर स्वतःकडे फिरवून घ्यायच्या आणि तेच सगळं पुन्हा, ओळीखाली बोट सरकवत, ओठातल्या ओठात वाचायच्या. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे एका पानाला पाच-सात मिनिटं सहज जायची. मागे सह्या करणाऱ्यांची रांग खोळंबलेली असायची. सही मात्र स्वतःच्याच पेननं. ते पेन दोऱ्यानं बांधून कमरेच्या पिशवीत ठेवलेलं असे. ऑफिसच्या पेनाची शाई उडते, असा त्यांचा पक्का समज होता.

मी अक्कांच्या गावाचा ग्रामसेवक. गाव एरंडोल तालुक्यातलं, आणि मी देवपूरहून रोज एसटीनं ये-जा करणारा. तुम्ही कधी ग्रामसभेला बसला असाल तर तुम्हाला आमची रीत ठाऊक असेल. लोकांना शेतावर जायची घाई असते, म्हणून सह्या आधी घ्यायच्या आणि ठराव मागाहून सावकाश लिहायचे. यात पाप आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. अक्कांना वाटायचं, आणि त्याला कारण होतं. माझ्या आधी कधीतरी नळयोजनेसाठी म्हणून बायकांच्या सह्या घेतल्या होत्या. नळ आला नाही, पण त्याच सह्यांच्या वर गायरान खडी क्रशरला द्यायचा ठराव उमटला. अक्कांची सही त्यात पहिली होती. तेव्हापासून बाई जी संशयी झाली ती झालीच. मी चहा पाजला तरी आधी मला पिऊ द्यायच्या, असं शिपाई म्हणायचा. ते खोटं असेल, पण शोभायचं.

आता तुम्हाला ती ग्रामसभा सांगतो.

उन्हाळा होता. सीमेवर तणाव वाढला होता आणि टीव्हीवरचे लोक स्टुडिओत बसून लढाई जिंकून मोकळे झाले होते. अक्कांचा एकुलता एक मुलगा फौजेत, सीमेवरच. पाणीटंचाई, घरकुलं वगैरे विषय संपले. ऐनवेळचे विषय कुणाचे आहेत का, असं मी सवयीनं विचारलं. या प्रश्नाला कुणी उत्तर देत नसतं. अक्का उठल्या.

“मना पोऱ्या बॉर्डरवर शे,” त्या म्हणाल्या. “लढाई करानी का नही, हाई आमले कोनी इचारं नही. इचारतस नही, तर आमी सांगतस. आमना विरोध शे. लिखा.”

सरपंच माझ्याकडे बघायला लागले, जणू हे मीच शिकवून आणलं होतं. तेवढ्यात मागून एका तरुणानं विचारलं, की अक्का, हे बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?

अक्कांनी त्याला नीट न्याहाळलं. “तुले कोनी सांगं, हाई इचाराले?”

लोक हसले, आणि त्या हसण्यात सभा त्यांच्या बाजूला झुकली. दर गल्लीतला एखादा मुलगा फौजेत होता. हात वर व्हायला लागले. ज्यांचे वर झाले नाहीत ते कुणाकुणाचे वर झाले हे मोजत बसले. अनुमोदन दिलं ते एका आजोबांनी, जे ग्रामसभेत फक्त झोपायला यायचे. ते त्या दिवशी जागे कसे, याचाही गावाला पुढे संशय आला.

मी ठराव लिहिला. सरकारी नोकर माणूस, जरा जपून लिहिला. ‘शासनाने युद्धाऐवजी वाटाघाटींचा मार्ग स्वीकारावा, अशी ही ग्रामसभा नम्र विनंती करते.’ वाचून दाखवला. अक्कांचं बोट ‘विनंती’वर येऊन थांबलं.

“मी विरोध सांगा व्हता,” त्या म्हणाल्या. “विनंती नही.”

खोडून लिहावं लागलं. ‘युद्ध सुरू करण्यास या ग्रामसभेचा विरोध आहे.’ खोडलेल्या जागी माझी सही. ठरावाची नक्कल रीतीप्रमाणे वर पाठवली.

पुढचे दिवस वाईट गेले. एक अनोळखी माणूस जीपमधून आला, मी कोण, कुठला, घरी कोण कोण असतं ते विचारून गेला. कुणाकडून आला ते त्यानं सांगितलं नाही. गावात ज्यानं त्यानं दुसऱ्यावर शंका घेतली. सरपंचांना मी त्याला कळवलं असं वाटत होतं, मला सरपंचांनी. अक्कांना आम्हा दोघांवरही संशय होता. दर सोमवारी त्या ऑफिसात यायच्या, “जवाब उना का?” विचारायच्या, नाही म्हटलं की रजिस्टर मागायच्या आणि ठरावाचं पान जागेवर आहे की नाही ते बघायच्या. मला राग यायचा. एवढा अविश्वास कुणालाही झोंबतो.

एका सोमवारी त्यांनी रजिस्टर मागितलंच नाही. पायरीवर बसून राहिल्या. मुलाचा फोन आला होता. ठरावाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती, कुणीतरी वाढवून सांगितली होती, की तुझ्या आईनं सभेत फौजेला नावं ठेवली. तो खूप चिडला होता. ठराव मागे घे म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्याला अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस फोन नाही, आणि तिकडे रोज काही ना काही घडत होतं.

“भाऊसाहेब,” त्यांनी हळूच विचारलं, “मना ठरावमुये त्याले तरास व्हई का?”

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. वर हेही सांगितलं, की तुमची इच्छा असेल तर पुढच्या सभेत ठराव मागे घेता येईल.

त्यांनी मान वर केली. “हाई तुमनं शे, का वरलासनं?”

मी नजर चुकवली, कारण त्याच सकाळी मला वरून फोन आला होता. साहेब गोड बोलले होते. ठराव फाडू नका, खोडू नका. फक्त सह्या आणि मजकूर यांच्यामध्ये जागा असेलच, तिथे एक ओळ घाला, ‘चर्चेअंती सदर ठराव मागे घेण्यात आला.’ संपलं.

अक्का उठून गेल्या. दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि रजिस्टर उघडलं. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे. मी ती ओळ लिहिणार होतो. दोन मुली शिकत होत्या, बदलीची भीती होती, आणि एका ओळीनं कुणाचं काय जातंय असं मी स्वतःला समजावलं होतं.

ठरावाखाली चार बोटं जागा सोडलेली होती, माझ्या नेहमीच्या सवयीनं. त्या जागेवर, या समासापासून त्या समासापर्यंत, निळ्या शाईची एक तिरपी रेघ होती. रेघेच्या दोन्ही टोकांना अक्कांची सही. सभेच्या दिवशीच, मी चहा पीत असताना मारलेली असणार. म्हणजे दर सोमवारी त्या पान नव्हे, रेघ तपासत होत्या.

मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली. साहेबांना कळवलं, जागा नाही. जागा नाही की इच्छा नाही, त्यांनी विचारलं. मी पुन्हा म्हणालो, जागा नाही.

ठरावाला उत्तर कधीच आलं नाही. तणाव आपोआप निवळला. मुलाचे फोन सुरू झाले, पण ठरावाबद्दल मायलेक पुन्हा बोलले नाहीत. पुढच्या थंडीत अक्का घरीच, झोपेत गेल्या.

मुलगा मृत्यूच्या नोंदीसाठी ऑफिसात आला. उंच, ताठ, आईसारखाच रोखून बघणारा. अर्ज भरायच्या आधी त्यानं ठराव बघायला मागितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. फौजेबद्दल एक शब्द नव्हता. त्याची नजर रेघेवर थांबली.

मग त्यानं विचारलं, की आईनं ही रेघ कशासाठी मारली?

“माझ्यासाठी,” मी म्हणालो, आणि त्याला ती दुपार सांगून टाकली.

मी नोंदीचा अर्ज भरला आणि सहीसाठी पुढे सरकवला, सोबत ऑफिसचं पेन. पेन त्यानं बाजूला ठेवलं. खिशातून दुसरं काढलं, टोकाला दोरा बांधलेलं.

“पहिले वाची दखाडा, भाऊसाहेब.”

मी वाचायला लागलो. ‘मृताचे नाव’ या रकान्यापाशी मी थांबलो. तो अर्जावर वाकला, त्या नावाखाली बोट ठेवलं आणि मी पुढे वाचेपर्यंत तिथेच धरून राहिला.