शुक्रवारची चढती पट्टी

जोवीता त्या सकाळी घरी परतली ती गोळ्या मुठीत घेऊनच. नवरा क्रिस्पुलो सुक्या मासळीबरोबर लसणीचा भात खात बसला होता. तिने त्या तांबड्या गोळ्या त्याच्या ताटाशेजारी ठेवल्या.

“घे. आता तूच खा ह्या.”

“काय झालं?”

“पीदियो नको म्हणतोय. शुक्रवारी तुझ्या गाण्यात तो बरा झाला. प्रभूने त्याची फुप्फुसं धुऊन काढली म्हणे. मग माझ्या गोळ्यांचं काय लोणचं घालू?”

जोवीता आरोग्यकेंद्राची स्वयंसेविका. क्षयाच्या रोग्याला रोज सकाळी गोळ्या द्यायच्या आणि तो त्या गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, हे तिचं काम. रोगी कुरकुरत, तोंड चुकवत. पण जोवीतासमोर कुणाचं काही चालत नसे. पीदियो मात्र गुणाचा. कोंबडा आरवायच्या आत होडीवरून आला तरी दारात पाण्याचा पेला घेऊन तिची वाट पाहत उभा असे. दोन महिन्यांत त्याचा खोकला थांबला, गालांवर मांस चढलं. ‘सहा महिने पुरे कर रे बाबा. अर्ध्यावर सोडलंस तर दुखणं परत येतं, आणि परत आलं की याच गोळ्यांना जुमानत नाही,’ हे जोवीताने त्याला अंगाई म्हणावी तसं रोज ऐकवलं होतं.

“तू काही बोलत का नाहीस?” तिने विचारलं.

क्रिस्पुलोने ताट बाजूला सारलं. बोलण्यासारखं त्याच्याजवळ होतं, पण ते बायकोला सांगायचं कसं हे त्याला कळेना.

बोहोल बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या वाडीत त्याला सगळे पुलो म्हणत. धाकटे नोंग पुलो, म्हणजे पुलोदादा, आणि जोवीताला नांग जोवी; तो धाकट्यांना दोंग म्हणे. दर शुक्रवारी संध्याकाळी चॅपेलशेजारच्या बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छपराखाली प्रार्थनासभा भरे आणि पुलो तिथे कीबोर्ड वाजवत गात असे. त्याचं वाजवणं गाण्यापुरतं नव्हतं. कुणी प्रार्थना सांगू लागलं की शब्दांच्या खाली तो हलके सूर धरून ठेवी. बोलणारा थांबला की सूर थोडे फुगवी, बोलू लागला की पुन्हा मिटवी. जमलेल्यांना ते जाणवतही नसे. पाळणा कोण हलवतंय ते मुलाला कुठे कळतं, तसंच. मग शेवटचं गाणं. लोक डोळे मिटून, हात वर करून तेच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत, आणि नेमक्या वेळी पुलो अर्धा सूर पट्टी वर चढवी. तेवढ्याने छपराखालची हवाच बदलून जाई. बायका हुंदके देत. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलेली माणसं मागच्या मागे कलंडत; आत्म्यात विसावली, असं म्हणत. ती आपटू नयेत म्हणून दणकट हातांचे दोघंतिघं मागे उभे असत. त्यांना झेलणारे म्हणत. पीदियो हा त्यांतला सगळ्यांत भरवशाचा. इतकी वर्षं त्याने सगळी वाडी झेलली, पण स्वतः कधी पडला नव्हता.

“मला नाही रे होत तसं काही,” तो पुलोला म्हणायचा. “माझ्या अंगाला मासळीचा वास येतो ना, पवित्र आत्मा नाक धरून पुढे जातो.” आणि हसायचा. पण ते हसणं पुलोला कुठेतरी लागे.

त्या शुक्रवारी प्रार्थनेसाठी पीदियो स्वतः पुढे उभा होता. सभेचे प्रमुख ब्रदर रोहेलियो यांचा हात त्याच्या डोक्यावर होता. पुलोने कीबोर्डवरून पाहिलं : पीदियोचे खांदे सैल पडत होते, पण गुडघे अजून ताठ होते. माणूस अगदी उंबऱ्यावर आला होता. पुलोला वाटलं, मिळू दे बिचाऱ्यालाही. आणि त्याने पट्टी चढवली. त्याच्याकडे बघत, त्याच्यासाठी चढवली. पीदियो झाड कोसळावं तसा मागे गेला. उठला तेव्हा चेहरा आसवांनी भिजला होता आणि तो एकच म्हणत होता, “छाती मोकळी झाली. छाती मोकळी झाली.”

पट्टी चढवायची ही विद्या पुलो देवळात शिकला नव्हता. तरुणपणी तो जत्राजत्रांतून नाचाच्या बँडमध्ये वाजवीत फिरे. बँडचा म्होरक्या म्हणायचा, “शेवटच्या कडव्याआधी अर्धा सूर वर जा. जोडपी आपोआप जवळ येतात.” खरंच येत. त्या दिवसांत पुलो ताडीची दारू पाण्यासारखी प्यायचा. जोवीता एकदा कंटाळून माहेरी निघून गेली. तिला आणायला गेला आणि सासुरवाडीच्या गावात एका प्रार्थनासभेच्या दाराशी नुसता टेकला. आत एक मुलगी बेसूर गिटार वाजवीत होती, एक तारही जुळलेली नव्हती. आणि तरी पुलो उभ्याउभ्या रडू लागला. त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावला नाही. पुढे आपला हात प्रभूच्या कामी लावला. हातातली विद्याही ओघानेच आली. ती कुठून आली याचा विचार त्याने केला नव्हता. आता तो विचार त्याची पाठ सोडीना.

तो पीदियोकडे गेला. पीदियो अंगणात जाळं विणत होता.

“दोंग, गोळ्या घेत जा रे. देवाने बरं केलं तरी घेतल्याने काय बिघडतं?”

“नोंग, तूही?” पीदियो हसला. “एखाद्याने घर बांधून दिलं, आणि आपण खाली टेकू लावत बसलो, तर त्याला काय वाटेल?”

“औषधही देवाचीच देणगी, असं फादर म्हणतात.”

“जे बरे झाले नाहीत त्यांच्यासाठी म्हणतात ते.” मग जाळं खाली ठेवून पीदियो हळू आवाजात म्हणाला, “आयुष्यभर मी दुसऱ्यांना झेललं, नोंग. मला वाटायचं, आपण देवाच्या नजरेतच नाही. त्या दिवशी त्याने मला पाहिलं. आता मी गोळी गिळू, म्हणजे मला ते खरं वाटलं नाही असंच ना?”

पुलोच्या ओठांवर आलं होतं : अरे, त्या दिवशी तुझ्याकडे मी पाहत होतो. पण त्या चेहऱ्याकडे बघून ते बाहेर पडेना. तो तसाच परतला.

पुढच्या शुक्रवारी पीदियोने सर्वांसमोर साक्ष दिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. ब्रदर रोहेलियोंनी त्याला आसपासच्या चॅपेलांत साक्षीसाठी न्यायचं जाहीर केलं. सभा संपल्यावर नूडल्सच्या पातेल्याशी पुलोने त्यांना गाठलं.

“ब्रदर, तुम्ही त्याला गोळ्या घ्यायला सांगा. तुमचं ऐकेल.”

रोहेलियोंचं गावात खिळे-पत्र्याचं दुकान होतं. माणूस सरळ. बायकोच्या पोटातली गाठ प्रार्थनेने विरघळली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ते म्हणाले, “पुलो, मी तिला डॉक्टरकडे जाऊ नको म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. माणसाच्या आणि देवाच्या मध्ये मी हात घालत नाही. तूही घालू नकोस. तू वाजव. वाजवणाऱ्याच्याच मनात किंतू आला तर सगळ्यांचाच सूर हलतो.”

मी तर केव्हाच हात घालून बसलोय, असं पुलोच्या मनात आलं.

काही आठवडे बरे गेले. मग पीदियोची होडी किनाऱ्यावरच दिसू लागली. जोवीता रोज त्याच्या दारावरून जाई आणि मुद्दाम मोठ्याने म्हणे, “आहेत हं गोळ्या माझ्याकडे. मासळीच्या भावाने विकत नाहीये, फुकट आहेत.” आतून उत्तर येत नसे, फक्त दाबलेला खोकला ऐकू येई.

एका दुपारी पीदियोची बायको सिसा पुलोकडे आली. कमरेला खोचलेला टॉवेल तिने उलगडून दाखवला. त्यावर रक्ताचे डाग होते.

“लपवून धुतो, नोंग. म्हणतो, सैतान परीक्षा बघतोय.” तिने टॉवेल पुन्हा घडी घालून खोचला. “त्याला आता माणसाचं ऐकू येत नाही. देवाचंच ऐकेल. तुम्ही सभेत गाता गाता देवाचा शब्द सांगता ना कधीकधी? ‘माझ्या मुला, भिऊ नकोस,’ असं? तसंच सांगा. गाणं तसंच वाजवा, त्याचे डोळे मिटले की सांगा : ‘माझ्या मुला, औषध घे.’ घेईल तो. नक्की घेईल.”

प्रार्थनेच्या भरात कुणाला देवाचा शब्द सुचला तर त्याने तो बोलून दाखवायचा, ही सभेतली रीत होती. पुलोलाही दोनचारदा सुचला होता, म्हणजे तेव्हा तरी त्याला तसं वाटलं होतं. पण न सुचलेला शब्द देवाच्या तोंडी घालायचा?

“पाप लागलं तर मला लागू दे,” सिसा म्हणाली. “मुलं लहान आहेत हो.”

ती गेल्यावर जोवीता म्हणाली, “बरोबर बोलतेय ती. एक थाप मारलीस तर देवाचं काय झिजतं? पट्टी तर तशीही चढवतोसच.”

पुलोने चमकून तिच्याकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“त्याच पट्टीवर मी तुझ्याबरोबर लग्न केलं, मेल्या. मला नाही कळणार?”

त्या शुक्रवारी छपराखाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. पीदियो पहिल्या रांगेत शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून बसला होता. गळ्याचं हाड वर आलं होतं. सिसाची नजर पुलोवरून हलत नव्हती. शेवटचं गाणं सुरू झालं. लोक उभे राहिले, हात वर गेले. पीदियोने डोळे मिटले. पुलोने सूर मिटवत आणले, मग फुगवले, मग ठरल्या जागी पट्टी चढवली. हुंदके सुरू झाले. पीदियो डुलू लागला. पुलोने माइक तोंडाजवळ ओढला. ‘माझ्या मुला’ हे शब्द जिभेवर तयार होते. एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि त्या सोपेपणाचीच त्याला भीती वाटली.

त्याने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले.

सूर तुटले तसं गाणंही अडखळत थांबलं. लोकांनी डोळे उघडले. फक्त पंखे फिरत राहिले.

“पीदियो,” पुलो म्हणाला, “हा मी बोलतोय. देव नाही, मी, क्रिस्पुलो. गोळ्या घे रे बाबा. तू मरशील.”

“पुलो!” रोहेलियो पुढे सरसावले.

“थांबा, ब्रदर. तू पडलास ना त्या दिवशी, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो. तू पडावंस असं मला वाटत होतं. म्हणून मी पट्टी चढवली. आत्ता चढवली ना, तशीच. नाचाच्या बँडमध्ये शिकलो मी ते.”

मागे कुणीतरी हसलं. कुणी “प्रभू, प्रभू” म्हणू लागलं. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “म्हणजे मीही याच्यामुळेच रडत होते की काय इतकी वर्षं?” पीदियोचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. मग खोकल्याची उबळ आली, तोंडाला रुमाल लावून तो खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेला. सिसा त्याच्यामागे धावली. जाताना तिने पुलोकडे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रोहेलियो घरी आले. रागावले नाहीत. “काही दिवस विश्रांती घे,” एवढंच म्हणाले, आणि कीबोर्ड छपराखालून आपल्या दुकानात नेऊन ठेवला. वाडीत पुलोशी बोलणं कुणी टाकलं नाही, पण बाकावर तो येऊन बसला की गप्पा ओसरत. जोवीता तीन दिवस त्याच्यावर धुमसत होती. “एक वाक्य खोटं बोलायचं होतं. सगळं जग बोलतं. तुलाच काय तो मुहूर्त सापडला खरं बोलायचा!” मग चौथ्या दिवशी न बोलता तिने त्याच्यापुढे गरम कोकोचा पेला आणून ठेवला.

पुलो पहाटे चॅपेलात जाऊन बसू लागला. तो जपमाळ ओढी, पण तोंडाने गात नसे. मनात सूर आला की त्याला शंका येई, हा कुणासाठी चाललाय? कधी वाटे, आपण एका माणसाचा देवच काढून घेतला आणि बदल्यात त्याला काहीच दिलं नाही. गोळीसुद्धा नाही.

पावसाचे दिवस सरल्यावर एका सकाळी जोवीता तांदूळ निवडत ओट्यावर बसली होती. पुलो आत होता. कुंपणापाशी खोकला ऐकू आला.

“नांग जोवी, आहेत का अजून?”

जोवीता उठली नाही. हात तसेच चालू ठेवून म्हणाली, “त्या आता चालायच्या नाहीत. आधी शहरात जाऊन थुंकी तपासावी लागेल. कदाचित दुसऱ्या लागतील, जास्त दिवस लागतील. इंजेक्शनंही असतील.”

“असू देत.”

“उद्या पहिल्या जीपने जाऊ. मी येते.” मग तिला राहवलं नाही. “आत्ता कसं सुचलं?”

“नोंग पुलोने सांगितलं म्हणून नाही,” पीदियो म्हणाला. आवाज बसलेला होता. “सिसा रात्री भिंतीकडे तोंड करून रडते. मला वाटतं झोपेत, पण जागीच असते.”

पुलो दारात आला. पीदियो इतका वाळला होता की शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. तो पायरीवर टेकला, दम खाल्ला.

“नोंग, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“त्या दिवशी मला जे वाटलं, ते सगळं तुझंच होतं?”

नाही म्हणावं असं पुलोला फार वाटलं. हो म्हणावं असंही वाटलं. तो पीदियोशेजारी पायरीवर बसला.

“पट्टी माझी होती, दोंग,” तो म्हणाला. “बाकीचं मला माहीत नाही. मी रोज पहाटे विचारतो. काही ऐकू येत नाही.”

पीदियोने समुद्राकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठू लागला. पाय लटपटले तसं पुलोने त्याला दंडाला धरलं. पीदियोने हात झटकला नाही, धरूनही ठेवला नाही. तोल सावरल्यावर तो हळूहळू आपल्या घराकडे चालू लागला, आणि तो कुंपणाआड जाईपर्यंत पुलो उभा राहून बघत होता.