गंगव्वाच्या डोक्यातली फट

मी मष्णू. बेळगावच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचो. एकोणनव्वद साली तिथं डोक्याच्या स्कॅनचं मशीन आलं, ते चालवायला शिकलो आणि शहाणपण अंगात आलं. डाक्टर म्हणायचे, "फिल्म काढ, वाचू नको." मला त्याचा लई राग यायचा.

गंगव्वा आमच्या निपाणीची, पंच्याऐंशी वर्सांची. उभा जन्म विड्या वळण्यात गेलेला. न्हाणीत पडली, डोक्यात रगत साकळलं, उजवा हात लुळा पडला. डाक्टरांनी कवटीला दोन भोकं पाडून रगत काढलं. तिसऱ्या दिवशी मी परत स्कॅन काढला, तवा म्हातारी दोन्ही हातांनी चादरीची कड वळत हुती, विडी वळावी तशी. मी खेकसलो, "म्हातारे, गप पड की गं."

डाक्टर ऑपरेशनात अडकलेले. तिचा ल्योक सत्याप्पा फिल्म घेऊन माझ्याकडं आला. "डाक्टर कानडीत सांगत्यात, निम्मं कळत न्हाय. तू आपला माणूस. खरं सांग, अण्णा."

मी फिल्म खिडकीला धरली. कवटी आणि मेंदूच्या मधी पहिल्यासारखीच काळपट फट.

"तसंच हाय रं. काय बी निघालं न्हाय. घरी न्या, आपल्या उंबऱ्यात जाऊ दे."

सत्याप्पानं घरी न्यायच्या कागदावर सही केली आणि आईला जीपमधनं घेऊन गेला.

सांजेला डाक्टरांनी फिल्म बघितली. "म्हाताऱ्या माणसाचा मेंदू आकसलेला असतो. रक्त काढलं तरी जागा लगेच भरत नाही, तिथं पाणी आणि हवा राहते. फिल्मच्या आधी माणूस बघायचा. हात हलत होता का?"

हलत हुता. माझ्या डोळ्यांदेखत हलत हुता.

"परत आणा तिला," डाक्टर म्हणाले. मीच जातो म्हणालो, आणि तीन दिवस गेलो न्हाय. काय तोंड दाखवू, ह्या लाजेनं. चौथ्या दिवशी गेलो तवा दारात तिरडी बांधत हुते.

सत्याप्पा गळ्यात पडला. "तू खरं बोललास म्हणून आई घरात गेली, अण्णा. परवापतोर भाकरी मागत हुती. जाणाऱ्या जिवाला कशाला तरास, म्हणून आमी तोंडात नुसतं गंगाजळ सोडत बसलो."

मी तिरडी बांधायला हात लावला. खरं काय ते अजून सांगितलं न्हाय. दर साली पितरांच्या म्हाळाला सत्याप्पा मला बोलावतो, पहिलं ताट मला वाढतो आणि वर आणखी एक भाकरी घे म्हणतो. मी घेतो.